न सुकलेली तीन बोटं

आधीच सांगून टाकतो — असले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आलोय. कोणाला कुठल्या वळणावर बाई दिसली, कोणाच्या घरात आपोआप नळ सुरू झाला... मी वाचायचो, हसायचो आणि बायकोला वाचून दाखवायचो. देवाधर्माच्याही फार वाटेला जात नाही. त्यामुळे मी इथे लिहायला बसेन असं मला कोणी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

मी चित्रकार आहे. नागपूरचा, वय सेहेचाळीस. आठवड्यातून तीन दिवस एका आर्ट कॉलेजात शिकवतो, बाकीचे दिवस स्टुडिओत. तेलरंग कसा सुकतो, किती दिवसांत सुकतो, का रखडतो, यावर मी पोरांना तासभर लेक्चर देऊ शकतो. त्यामुळे जे घडलं ते नेमकं माझ्याच विषयात घडावं, याचा मला जास्त राग येतो. मला न कळणाऱ्या एखाद्या गोष्टीत घडलं असतं तर निदान 'असेल काहीतरी' म्हणून सोडून तरी दिलं असतं.

स्टुडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येतं. माझा स्टुडिओ म्हणजे वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवरची खोली. खाली दिवसभर कूलरचे खोके चढतात-उतरतात, ट्रक मागे घेणाऱ्यांचं 'आने दे, आने दे' चालू असतं. ही खोली मी घेतली ती फक्त उत्तरेच्या मोठ्या खिडकीसाठी. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, आणि माणूस समोर बसवून चित्र काढणाऱ्याला तोच लागतो. आता माणूस बसवून चित्र काढणंच जुनाट झालंय, ही गोष्ट वेगळी. माझ्या बरोबरीचे लोक व्हिडिओ करतात, मोडक्या खुर्च्या छताला टांगतात आणि बाजूला अर्थ सांगणारं दोन पानांचं स्टेटमेंट लावतात. मी त्यांना नावं ठेवत नाही... ठेवतो, थोडी ठेवतो. पण प्रदर्शनात घ्यावं म्हणून स्टेटमेंट मीही लिहितो.

सिंधूमावशी मॉडेल म्हणून बसायच्या. आमच्या कॉलेजात वीसेक वर्षं बसल्या — मी विद्यार्थी होतो तेव्हापासून. नागपुरातच इंदोऱ्याला राहतात, आता साठीच्या पुढे आहेत. सगळी पोरं त्यांना मावशीच म्हणतात. त्यांच्याइतकं निश्चल बसणारं माणूस मी पाहिलेलं नाही. आमच्यात पद्धत अशी — पंचवीस मिनिटं बसायचं, मग चित्रकार 'रेस्ट' म्हणतो, मॉडेल उठून पाय मोकळे करते, पाणी पिते, पुन्हा येऊन तशीच बसते. 'रेस्ट' म्हटल्याशिवाय मावशी हलायच्या नाहीत. एकदा वर्गात गालावर मुंगी चढली होती, तरी हलल्या नव्हत्या. आम्हाला त्याचं फार कौतुक होतं.

तीनेक वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी त्यांचं मोठं चित्र करत होतो. दिल्लीच्या एका प्रदर्शनासाठी फोटो पाठवायचे होते आणि दिवस थोडे राहिले होते. शेवटच्या बैठकीला मावशी आल्या त्या जरा ओढलेल्या चेहऱ्यानं. म्हणाल्या, "भाऊ, माही मोठी बहीण भरती आहे दवाखान्यात. काल बरी होती म्हणा. पोट्टी आहे तिच्याजवळ... तिचा फोन आला तं सांगजा बरं."

मी म्हटलं, "सांगतो ना मावशी, बसा तुम्ही." बसताना त्यांचा फोन माझ्या टेबलावर असायचा, सायलेंटवर. हाही आमच्याकडचा नियमच.

मांडीवर डावा हात, त्यावर उजवा, उजव्या हातात पदराचं टोक. डावा आदल्या दिवशी झाला होता, उजवाच राहिला होता. हात रंगवताना मी नेहमी अंगठ्यापासून सुरुवात करतो. अंगठा झाला, पहिलं बोट झालं, आणि फोन थरथरायला लागला. ब्रशच्या डब्याला टेकून होता, त्यामुळे घरघर झाली. पडद्यावर नाव — पल्लवी. मावशींची भाची.

आता जे लिहितोय ते मी कोणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मी फोन उचलला आणि बाजूला चिंध्यांचा ढीग होता त्यावर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून.

मनात म्हटलं, दहा मिनिटं. एवढी तीन बोटं होऊ देत. आणि वर बघतो तर तो हात... कसं सांगू? इतके दिवस तो नुसता ठेवलेला हात होता. आता त्यात जीव आला होता. तिन्ही बोटं पदराभोवती आवळली गेली होती, मागची शीर वर आली होती. मला वाटलं उजेडाची करामत. असा क्षण चित्रकाराला वर्षानुवर्षं मिळत नाही हो. मी सुटलोच. चिंध्यांवर फोन पुन्हा उजळला, विझला. पुन्हा उजळला. मला दिसत होता. पंचवीस मिनिटं होऊन गेली, मी 'रेस्ट' म्हटलं नाही. चाळीस मिनिटांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणालो, "अहो मावशी, तुमचा फोन वाजतोय वाटतं." जसं काही आत्ताच लक्षात आलं.

सात मिस्ड कॉल होते. मावशींनी पाहिलं, चपला घातल्या आणि जिना उतरल्या. मी खाली सोडायलासुद्धा गेलो नाही. रंग ओला होता, त्या बोटांच्या कडा नीट करून घ्यायच्या होत्या, म्हणून आणखी तासभर काम करत बसलो. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या पोचल्या तेव्हा बहीण गेलेली होती. मला हे दोन दिवसांनी कॉलेजात कळलं. त्यांच्या घरी मी गेलो नाही. प्रदर्शनाची गडबड होती, असं मी स्वतःला सांगितलं. मावशी पुन्हा बसायला आल्या नाहीत.

महिनाभरानंतर चित्र फ्रेमसाठी गांधीबागेत अशफाकभाईंकडे नेलं. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, पंधरा वर्षं माझी सगळी कामं तेच करतात. मापं घेता घेता थांबले आणि अंगठा दाखवला. अंगठ्यावर रंग.

"सर, हे तं ओलं आहे न अजून. काल केलं का?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय, महिना झाला."

"मंग तेल जास्त पडलं असन बाप्पा."

मलाही तेच वाटलं. घरी आणून सगळीकडे बोट लावून पाहिलं. चेहरा सुकलेला, साडी सुकलेली, डावा हात सुकलेला. उजव्या हाताचा अंगठा सुकलेला, पहिलं बोट सुकलेलं. पुढची तीन बोटं ओली. आत्ता लावल्यासारखी ओली. फोन आला त्याच्या आधीचं सुकलं होतं, नंतरचं नाही. खोटं कशाला बोलू, घाबरलो.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. त्याच ट्यूबा, तेच जवसाचं तेल, तोच ब्रश घेऊन फळीवर नमुना लावला. चार दिवसांत सुकला. मे महिन्यात चित्र घराच्या गच्चीवर नेलं. नागपूरचा मे — गच्चीवर पापड तासाभरात वाळतात. मागचं लाकूड तडकलं, पण बोटं ओलीच. एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मित्राला दाखवलं. त्यानं बोट लावलं, रंग हुंगला, तेलात भेसळ असेल म्हणाला. पण तेच तेल फळीवर सुकलं होतं. खरवडून ती बोटं पुन्हा काढता आली असती. ते मात्र मी केलं नाही. कारण तोपर्यंत चित्र निवडलं गेलं होतं, आणि निवडलं गेलं होतं ते त्या हातामुळे.

अशफाकभाईंनी काच दोन बोटं लांब ठेवून खोल फ्रेम केली आणि चित्र दिल्लीला गेलं. तिथे जो येईल तो हातासमोर थांबायचा. एका बाई समीक्षकानं तर त्या हातावरच दीड कॉलम लिहिला. नंतर कॉलेजात माझं भाषण ठेवलं. पोरांनी विचारलं, सर, इन्स्पिरेशन येतं कुठून? मी माइक धरून म्हणालो, "ते मागून मिळत नाही. कलावंतानं फक्त त्या क्षणी तिथे हजर असावं लागतं." टाळ्या पडल्या. मागच्या बाकांजवळ ती खुर्ची होती जिच्यावर मावशी बसायच्या. मला तिच्याकडे बघवेना.

चित्र परत आलं. वर्ष व्हायला आलं होतं आणि बोटं ओलीच होती. शेवटी एका रविवारी सकाळी इंदोऱ्याला गेलो. आधी माफी मागायची, बाकीचं मग, असं ठरवून गेलो होतो.

दार पल्लवीनं उघडलं. आई गेल्यावर ती मावशींकडेच राहायला आली होती, नोकरीला हिंगण्याच्या एका कंपनीत. चहा दिला तिनं, पण मावशींशी एक शब्द बोलत नव्हती. मावशी म्हणाल्या, "बिस्किटं आण वं," तर पुडा ठेवून आत गेली. मी आपलं उगाच विचारलं, मावशी, तुमचा फोन लागत नव्हता हो परवा. आतून पल्लवीचा आवाज आला, "त्यायचा फोन कवाच लागत नाही. थैलीत ठेवतात अन् सायलेंटवर ठेवतात. ज्याले मराचं आहे त्यानं मरावं."

मावशी कपातला चहा पीत राहिल्या. माफी वगैरे सगळं बाजूलाच राहिलं. मी म्हणालो, "मावशी, चित्र बघायला येता का?"

"येतो नं. वीस वर्षं बसली, पण पुरं झालेलं चित्र मले कोणी दाखवलंच नाही."

त्यांना स्कूटरवर मागे बसवून वाडीला आणलं. चित्राची काच काढून ठेवली होती. मावशी समोर उभ्या राहिल्या. चेहरा त्यांनी पाहिलाच नाही, सरळ हाताकडे पाहू लागल्या.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी... पहिला फोन आला तेव्हाच मी पाहिला होता."

"मले माहीत आहे."

"म्हणजे?"

"आइकू आलं न भाऊ मले. मंग तुमी उचलून चिंध्यांवर ठेवला. नजर हलवाची नसते आमाले, पण कोपऱ्यातून दिसते सगळं."

"मग उठला काहून नाही?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी काहून कसं निघालं कोण जाणे. आई बोलायची तसं.

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी रेस्ट म्हणलंच नाही," त्या म्हणाल्या. "आता म्हणान, मंग म्हणान, अशी वाट पाहत बसली मी. अन् वाटे का चांगली खबर असती तं तुमी सांगतलीच असती. खराब असन म्हणून सांगून नाही राहिले... तं जेवढं उशिरा समजन तेवढं बरं. मीबी भ्याली, भाऊ."

म्हणजे ज्या हातावर दीड कॉलम आला, ज्याला मी माइकवरून क्षण वगैरे म्हणालो, तो बहिणीची खबर आणणारा फोन ऐकू येणाऱ्या बाईचा हात होता. चित्रकारीचा त्यात काहीच संबंध नव्हता. मला रडू आलं, आणि ते त्यांच्यासमोर आलं याचीही लाज वाटली.

मावशी पुढे झाल्या आणि त्या तीन बोटांवर त्यांनी आपली बोटं ठेवली, दाबून. मी 'अहो, ओलं आहे' म्हणेपर्यंत उचललीही. त्यांची बोटं कोरडी होती. रंगाचा कण नाही. "सुकलं तं आहे न," म्हणाल्या.

मी बोट लावलं. पहिल्या दिवशीसारखा रंग लागला. हात मागे नेऊन पॅन्टला पुसला.

मी म्हणालो, चित्र तुम्ही घेऊन जा. त्यांनी मान हलवली. "नको. घरी लावलं तं पल्लवी विचारन, मावशे, हात असा काहून आवळला होता? मी तिले सांगतलं आहे का फोन थैलीत होता, कोणालेच नाही समजलं. तिची माय शेवटपर्यंत माहं नाव घेऊन राहिली होती, अन् पोट्टी तिले सांगे का येऊन राहिली, रस्त्यात आहे. आता तुमचं नाव सांगून काय करू? इथं येऊन भांडन ते. माह्यावर रागावली तं रागावू द्या, घरचीच आहे."

मी त्यांना इंदोऱ्याला परत सोडलं. दारात पल्लवी उभी होती. मी गाडी बंदसुद्धा केली नाही.

त्या भेटीला आता दोन वर्षं होतील. मावशींनी हात लावला त्यानंतर अशफाकभाईंनी चित्र पाहिलं, प्राध्यापक मित्रानं पाहिलं, माझ्या बायकोनं पाहिलं. सगळ्यांची बोटं कोरडी निघतात. मी लावलं की ओलं. भास म्हणाल, तर मी चिंधीला पुसतो तो डाग बायकोलाही दिसतो. मित्र म्हणतो, तुझ्या घामात काहीतरी असेल. असेल बुवा. माझ्याकडे दुसरं काही स्पष्टीकरण नाही आणि आता मी शोधतही नाही.

पल्लवीला सांगून टाकू म्हणून इंदोऱ्याला तीनदा गेलो. एकदा जिन्यापर्यंत पोचलो होतो, वरून पल्लवीचा आवाज आला, मावशींवर कशावरून तरी चिडली होती. तसाच परत फिरलो. मावशींनी तिला अजून माझं नाव सांगितलेलं नाही. मीही नाही.