दत्तूची जुनी गाणी

गाणी निवडायला बसलं की गाणी हाताला कमी लागतात आणि किस्सेच जास्त निघतात. आमचं तरी असंच होतं. आम्ही म्हणजे आश्रमशाळेत एका वर्गात असलेले तिघं: खोडाळ्यात साऊंड सर्व्हिसचं दुकान चालवणारा दत्तू, अंगणवाडीची यमुना आणि मी, शाळामास्तर. बाजाराच्या दिवशी दत्तूच्या दुकानात जमायचं, चहा मागवायचा आणि आमच्या तरुणपणीची गाणी निवडून पेनड्राइव्ह भरायचा. कधी कुणाच्या लग्नासाठी, कधी कुणाच्या टेम्पोसाठी.

यंदा पेनड्राइव्ह घरचाच होता. दत्तूच्या एकुलत्या एका लेकीचं, सविताचं लग्न ठरलं होतं. "तिच्या हळदीत माझ्या आवडीचं एक तरी गाणं वाजलं पायजे," एवढंच त्याचं म्हणणं. जगाच्या लग्नात वाजवलं, मग स्वतःच्या मांडवात नको?

*

आमच्या वेळचं एक नाचाचं गाणं आहे. दत्तूच्या कॅसेटची टेप एकदा गुंतली, तेव्हा त्याच्या बापानं खराब तुकडा कापून टाकला आणि टोकं सेलोटेपनं जोडली. त्या तुकड्यात दुसरं कडवं अख्खं गेलं. गावभर वाजलं ते याच कॅसेटवरून, त्यामुळे असं कडवं आहे हे खोडाळ्याला माहीतच नाही! सगळे पहिल्या कडव्यावरून थेट तिसऱ्यावर जातात.

गेल्या वर्षी मी हौसेनं इंटरनेटवरून पूर्ण गाणं उतरवलं आणि एका लग्नात लावायला दिलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि मांडवातले पाय थांबले. नवऱ्याचा मामा तरातरा आला.

"काय रं दत्तू, डुप्लिकेट माल लावतो काय?"

शेवटी कॉम्प्युटरवर बसून ते कडवं मीच कापलं. आता कुणाची तक्रार नाही!

*

दत्तूनं पहिल्यांदा दोन मोठे बॉक्स घेतले, त्या वेळची गोष्ट. सूर्यमाळला एका पाड्यावर कार्यक्रम होता. नाचासाठी भोपळ्याचा तारपा फुंकणारा आजारी, म्हणून दत्तूनं त्याचंच रेकॉर्डिंग आणलेलं. एक बॉक्स अंगणाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. 'स्टिरिओ' म्हणून त्याचा केवढा रुबाब!

तारपा सुरू झाला, पण नाचणारे जागचे हलेनात. तारपा वाजवणारा मधे असतो, बाकीचे त्याच्याभोवती नाचतात, आणि तारप्याला पाठ दाखवायची नसते. एक म्हातारबाबा चिडून म्हणाले, "एक तारपा हिकडं, एक तिकडं. आम्ही पाठ कुठं करायची?"

दत्तूनं दोन्ही बॉक्स उचलले आणि अंगणाच्या मधोमध पाठीला पाठ लावून ठेवले. मग जो नाच रंगला!

*

दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं कामाला भिवंडी-ठाण्याकडे निघतात. जायच्या आधी दत्तूकडे मेमरी कार्ड भरायला गर्दी. एक बाई आली, म्हणाली, "दत्तूभाऊ, घरची आठवण येईल असं एकबी गाणं टाकू नको. तिथं रडत बसायला टाईम नाय."

ती बाजारात गेली आणि मागोमाग तिचा नवरा आला. हळूच म्हणाला, "तिला सांगू नको, पण एक तरी टाक."

दत्तूनं टाकलं, अगदी शेवटी. शिमग्याला माणसं परतली. बाई दुकानात आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "ते शेवटचं रोज ऐकलं. यांना सांगू नको हां!"

असल्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा सांगत बसतो. यमुना म्हणते, मास्तर म्हातारा झाला.

*

तर सविताची हळद. महिनाभर खपून आम्ही तिघांनी झकास पेनड्राइव्ह भरला होता. हळदीच्या सकाळी नवरी बापाला म्हणाली, "बाबा, तुमची गाणी नको हां. माझ्या जव्हारच्या कॉलेजातल्या मैत्रिणी येणारेत, हसतील." आणि आपला मोबाइल त्याच्या हातात दिला.

यमुना तर पदर खोचून उठलीच, "थांब, मी बोलते तिच्याशी!"

"बस गं," दत्तू म्हणाला. "हळद तिची हाये."

मग दिवसभर पोरीची गाणी. नुसता दणदणाट, शब्द कळेल तर शपथ! दत्तू या गाण्यांना कायम 'डबे पडल्याचा आवाज' म्हणायचा. सविता मात्र मनसोक्त नाचत होती. मी दत्तूच्या कानाशी लागलो, "एक घुसव मधे. कुणाला कळतंय?" त्याचा हात खिशातल्या पेनड्राइव्हपर्यंत गेला आणि तसाच परत आला. मला त्याचा रागच आला. एवढं काय घाबरायचं लेकीला?

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. संध्याकाळच्या आत सविता जामसरला सासरी गेली.

*

पुढच्या बाजाराला मी आणि यमुना नेहमीसारखे दुकानात गेलो. लांबूनच हळदीतला तोच दणदणाट ऐकू आला. आत दत्तू एकटाच, कापडानं बॉक्स पुसत होता. लग्नासाठी बंद ठेवलेलं दुकान पुन्हा सुरू झालं होतं. एक टेम्पोवाला कार्ड घेऊन उभा होता. तो वैतागून म्हणाला, "काय लावलंय हे? दत्तूभाऊ, तू तर जुन्या गाण्यांचा माणूस. जुनी लाव की!"

दत्तूनं आवाज कमी केला नाही.

"जुनीच हाईत," तो म्हणाला. "सविता घरी होती तेव्हाची."