लग्नघराचा जनरेटर
डिझेलचा वास आला की मला दोंडाईच्याचे मंडपवाले आबा आठवतात. नव्वदच्या आसपास मी धुळ्यात जनरेटर विकायचो. देवपूरच्या एका दवाखान्याला बिनआवाजाचा, पेटीबंद जनरेटर फार आवडला, म्हणून तसाच मी हौसेने आबांच्या मांडवात नेला. हळदीची वेळ, दिवे लख्ख लागले, तरी आबांचा चेहरा पडलेलाच. म्हणाले, "भाऊ, लगननं घर शे, बठ्ठा गावले आयकू येवाले पाहिजे!" मी पेटी उतरवली, सायलेन्सरही काढला. धडधड गावभर गेली, तशा पलीकडच्या गल्लीतून बायका हसत मांडवाकडे निघाल्या आणि आबांनी माझ्याच गालाला हळद फासली. आता आमच्या सोसायटीतला जनरेटर कधी सुरू होतो तेही कळत नाही. दिवे लागतात, आणि मी उगीच कान लावून बसतो.