प्रतिभाचा अडकलेला जबडा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत पेशंट तपासत असतो. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही. थकले असेन. खोटं सांभाळायलाही अंगात बळ लागतं, ते पन्नाशीनंतर कुठून आणायचं?

मी दातांची डॉक्टर. परतवाड्याला बसस्टँडच्या मागे आमचा दवाखाना आहे. खर्रा म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं — सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. वर्षानुवर्षं खाल्ला की गाल आतून पांढरे पडतात, चामड्यासारखे ताठ होतात आणि तोंड उघडेनासं होतं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. माझ्या तपासणीच्या खुर्चीत बसणाऱ्या कित्येकांच्या तोंडात दीड बोटही जात नाही. मी शाळाकॉलेजांत जाऊन खर्र्यावर भाषणं देत असे. माणूस दारातून आत आला की मॅडम खर्रा ओळखतात, असं लोक म्हणायचे. मलाही ते आवडायचं — फारच आवडायचं.

नऊ वर्षं झाली. बाजाराचा दिवस होता, बाहेर बसायला जागा नव्हती. वासुदेवराव आपल्या मुलीला घेऊन आले. ते एसटीत कंडक्टर होते, अमरावतीच्या फेरीवर मी त्यांना पाहिलेलं होतं. मुलगी प्रतिभा, बाविशीची. अमरावतीला खोली करून राहायची, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. चार दिवसांपासून तोंड उघडत नव्हतं, घास जात नव्हता. मी आ करायला लावलं. दोन बोटं, तीही कशीबशी. दातांवर तपकिरी डाग. झालं. दोन मिनिटंही लागली नाहीत मला.

ती काहीतरी सांगत होती — कानाजवळ वाजायचं, सकाळी उठलं की डोकं धरलेलं असतं — आणि मी हातमोजे काढत होते. तिच्यासमोरच मी तिच्या वडिलांना म्हणाले, खर्रा आहे. रोज संध्याकाळी तोंडात तीन बोटं घालून बघा, सोडला तर हळूहळू मोकळं होईल. आणि वर विचारलं, अमरावतीला एकटी राहते ना?

हे का विचारलं मी? मी स्वतः होस्टेलवर एकटी राहून शिकले. माझ्या बापाला कोणी असं विचारलं असतं, तर मी आज कुठे असते?

"मी खर्रा खात नाही, मॅडम," प्रतिभा म्हणाली. मी म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

वासुदेवरावांनी मान खाली घातली. त्यांच्याही दातांवर तसेच डाग होते. गाव त्यांचं अंजनगावच्या खाली, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. तिकडच्या कित्येकांचे दात पाण्यानंच तसे होतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुपारीलाही न शिवणाऱ्या त्या माणसाचे दात बघत बघत मी त्याला त्याच्या मुलीबद्दल सांगत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी अमरावतीची खोली सोडली. प्रतिभाची पुस्तकं पोत्यात भरून घरी आली. फॉर्म भरलेला होता, परीक्षेला जाऊ दिलं नाही. घरात तिची पर्स रोज उघडून बघितली जाई. आणि संध्याकाळी ड्यूटीवरून आले की वासुदेवराव तिला समोर उभी करून तिच्या तोंडात बोटं घालून बघत — मी सांगितलं होतं ना. दुखतं म्हणाली तर नाटक करते म्हणत.

हे सगळं मला तिनंच सांगितलं. दीड महिन्यानं आईबरोबर आली तेव्हा. आई बाहेर बसली होती.

"पहिले कानाजवळ कट् वाजे," ती म्हणाली. "मंग एक दिवस वाजणं बंद झालं अन् तोंडच उघडेना. मी तवाच सांगून राहिली होती. तुमी ऐकलंच नाही."

मी दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तिला सावकाश तोंड उघडायला सांगितलं. जबडा सरळ खाली येईना, उजवीकडे झुकायचा. उजव्या सांध्यावर बोट दाबताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सांध्यात एक मऊ चकती असते. ती सरकली की आधी तोंड उघडताना आवाज होतो, आणि एखाद्या दिवशी ती जागेवर यायचीच थांबते. मग आवाजही जातो आणि तोंडही अडतं. परीक्षेच्या काळजीनं ही मुलगी झोपेतसुद्धा दात आवळून धरत होती. गाल? आतून गुलाबी, लोण्यासारखे मऊ. पहिल्या दिवशी नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं.

तिला मी खरं सांगितलं. तेवढं केलं. तिनं विचारलं, "मंग बाबाले सांगसान ना?" मी हो म्हणाले.

उपचार अवघड नव्हता. मऊ जेवण, गरम पाण्याचा शेक, मोठी जांभई द्यायची नाही, दिवसा दातांवर दात टेकू द्यायचे नाहीत. रात्री दातांवर घालायला तिच्या मापाची पट्टी करून दिली, जबड्याचे व्यायाम शिकवले. दोन-अडीच महिन्यांत तीन बोटं जाऊ लागली.

आणि वासुदेवराव पेढे घेऊन आले. प्रतिभा मागे उभी होती.

"मॅडम, तुमी माह्या पोरीले वाचवलं," ते म्हणाले. "तोंडबी उघडलं अन् नादबी सुटला."

ती माझ्याकडे बघत होती. एक वाक्य होतं — वासुदेवराव, माझी चूक झाली, ती खर्रा खात नव्हती. किती वेळ लागला असता? मी पेढा घेतला. म्हणाले, आता काळजी घ्या तिची.

चूक कोणाचीही होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ही चूक नव्हती. मला माहीत होतं आणि मी मूग गिळून बसले, कारण परतवाड्यात माझं नाव होतं. त्यानंतर वासुदेवरावांनी माझ्याकडे किती पेशंट पाठवले. प्रतिभानं घरी स्वतः सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, मॅडम काय खोटं सांगतील? पुन्हा तिला अमरावतीला पाठवलं नाही. दोन वर्षांनी अकोल्याला लग्न करून दिलं.

ह्या उन्हाळ्यात वासुदेवराव गेले. मी भेटायला गेले. त्यांच्या भावानं चारचौघांत माझी ओळख करून दिली — आमच्या प्रतिभाचा खर्रा सोडवला, त्याच ह्या डॉक्टर. सगळे आदरानं सरकून बसले. प्रतिभानं पाण्याचा पेला पुढं केला. मी पाणी प्याले.

निघताना ती दारापर्यंत आली. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"बाबा शेवटी मले म्हणे, पोरी, म्या तुले माफ केलं," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू त्यायले तवा?"

मी चपला घातल्या. ती आत गेली.

प्रतिभानं कधीच खर्रा खाल्ला नव्हता. हे तिच्या बापाला सांगायला माझ्याकडे नऊ वर्षं होती.