आमचं न मिळालेलं हरीण

हरीण मिळालं की त्याची एकच गोष्ट होते, आणि ती सगळ्यांची सारखीच असते. न मिळालं की मात्र किस्से होतात. आम्ही तीन वर्षं दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला गेलो आणि एकही मिळालं नाही, म्हणजे विचार करा!

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. रान रॉजरचं. रॉजर बाबांच्या ऑफिसात आहे, आणि आमच्या ईडन प्रेरी गावापासून गाडीनं दोन तास उत्तरेला गेलं की त्याची जमीन लागते. तिथे ओकच्या झाडांना धरून त्यानं उंचावर एक लाकडी खोपटं बांधलंय. पहाटे अंधारात शिडी चढायची, खिडकीशी बसायचं आणि गप्प राहायचं. बाबांना यातलं चढणं आणि बसणं छान जमतं.

* * *

शिकारीच्या लायसन्सआधी बंदुकीचा सेफ्टी क्लास करावा लागतो. वर्गात सगळे मुलगे आणि मी एकटी मुलगी. शिकवणाऱ्या आजोबांनी विचारलं, "रानात सगळ्यांत अवघड काय?" कुणी म्हणालं नेम, कुणी म्हणालं थंडी. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. नेहमीसारखी माझी वाचाच बसली. सगळे माझ्याकडे बघतायत, मी बुटांकडे. बराच वेळ गेला.

"करेक्ट!" आजोबा म्हणाले.

शाळेच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये "वर्गात बोलत नाही" असा शेरा असतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकू माझ्यासमोरच आईला विचारतात, "हिला मराठी येतं ना गं?" न बोलल्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली असेल तर ती फक्त या शिकारीच्या भानगडीत. त्यामुळे ही शिकार बंद पडायला मला नको होती.

* * *

पहिल्या वर्षी बाबांनी डब्यात चिवडा आणला. आवाज करायचा नाही, असं रॉजरनं बजावलेलं. म्हणून बाबा एकेक शेंगदाणा तोंडात धरून तो मऊ होईपर्यंत थांबत होते. असं अर्धा तास चाललं. मग त्यांना राहवेना.

"बघ, पेशन्स म्हणजे हेच!" त्यांनी मला पूर्ण आवाजात सांगितलं.

खाली झुडपातून काहीतरी धडधडत पळालं.

* * *

दुसऱ्या वर्षी बाबा मोबाइल बंद करायला विसरले. नुकतं उजाडत होतं आणि खिशात फोन वाजला. पुण्याहून आजी.

"अरे, आहेस कुठे तू?"

"झाडावर."

"काय करतोयस?"

"बसलोय."

मग आजी म्हणाली, "सूनबाईला दे."

त्या दोघींचं पुढे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पण आम्ही घरी आल्या आल्या आईनं जाहीर केलं, "अजून एक सीझन. हरीण आणलंत तर ठीक, नाहीतर हा नाद बंद. दोघांचाही!"

* * *

म्हणून तिसऱ्या वर्षी बाबांनी मंडळातल्या देशपांडे काकांना सोबत घेतलं. काका नागपूरचे. "आम्ही जंगलाजवळची माणसं. मला बघायला प्राणी आपणहून येतात!" असं ते गाडीत सांगत होते. खोपट्यात खिडकीला डोकं टेकून दहा मिनिटांत घोरायला लागले.

बाबांनी बंदूक बाजूला ठेवली आणि कॅमकॉर्डर काढला. "काकूंना दाखवू!"

घरी सगळ्यांसमोर टीव्हीवर लावलं. काकांचं घोरणं, काकांची शिकारीत घालावीच लागते ती नारिंगी टोपी, आणि टोपीच्या मागे, खिडकीबाहेरच्या चढावर, हळूहळू वर येणारी दोन शिंगं. टोपीलाच फुटल्यासारखी!

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हे खरं बोलत होते की!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी ते तीनदा रिवाइंड करून पाहिलं. सीझनचा एकच वीकेंड उरला होता.

* * *

आणि त्या वीकेंडला बाबांना सडकून ताप आला. माझ्या वयाला बंदूक घेऊन जायचं तर सोबत आई किंवा वडील लागतात. रॉजर चालणार नव्हता. मी नुसती जॅकेट घालून दाराशी उभी राहिले.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांची ती नारिंगी टोपी कुठाय?"

दुपारी आम्ही खोपट्यात बसलो. मला वाटलं, आता सूचना सुरू होणार. नाक पूस, नीट बस, अभ्यास झाला का. पण आई मांडीवर हात ठेवून बसली ती बसलीच. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

उजेड संपत आला तेव्हा हरीण आलं. शिंगांचं! आमच्याकडे तोंड करून सरळ उभं राहिलं. समोरून गोळी मारायची नाही, ते वळून आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं, हे आम्हाला पक्कं शिकवलं होतं. मी बंदूक उचलली आणि थांबले. शेजारी आईच्या तोंडातून निघणारी वाफही थांबली. हरीण आमच्याकडे बघतंय, आम्ही हरणाकडे. मग शिंगं आणि फांद्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या. शिकारीची वेळ संपली. मी गोळ्या काढून ठेवल्या. हरीण कधी गेलं, कळलंच नाही.

गाडीत आई दोन तास एक शब्द बोलली नाही.

बाबा ब्लँकेट गुंडाळून दारातच उभे होते. "काय झालं? दिसलं का काही?"

"आलं होतं," आई बूट काढत म्हणाली. "वळलं नाही."

बाबा सोफ्यावर बसले. "म्हणजे... बंद?"

"बंद कशाला?" आई म्हणाली. "पुढच्या वर्षी तुम्ही घरी थांबा. तुम्ही फार बोलता."