खाली बैठो

लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्याला तीस वर्षं झाली, तरी घाई झाली की माझी हिंदी मराठीतूनच निघते. आम्ही काही बायका दर रविवारी किला गेटपाशी, फुटपाथवर राहणाऱ्यांना जेवण वाढतो. पहिल्याच दिवशी रांगेत ढकलाढकली झाली, म्हणून मी ओरडले, "सब लोग खाली बैठो!"

सगळे बसले. एक म्हातारेबाबा तेवढे उभे. गळ्यात मफलर, मिशी नीट विंचरलेली. हात जोडून म्हणाले, "माताजी, खाली तो दो साल से बैठे हैं. कुछ काम बताओ."

मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसल्या. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला तेव्हा आठवलं. ओशाळून मी त्यांच्या हातात वरणाचा डाव दिला.

तो त्यांनी आजवर परत केलेला नाही. वाढताना डाव पातेल्यावर दोनदा आपटतात आणि माझ्या वरणात मीठ कमी असल्याचं अख्ख्या रांगेला सांगतात. स्वतः मात्र सगळ्यांत शेवटी जेवतात.

गेल्या रविवारी मी जड पातेलं उचलायला वाकले, तर त्यांनी डाव आडवा धरला.

"माताजी, आप खाली बैठो."

हिंदीत म्हणाले की मराठीत, ते मी विचारलं नाही. मुकाट्याने बसले.