डावीकडे पडलेली पाकळी

मुळगावच्या स्टॉपवर पणजीची बस आली तेव्हा बाबांनी माझी पिशवी स्वतः आत चढवली आणि म्हणाले, "पावलो म्हणून कळय." पोचलास की कळव, बस्स, एवढंच. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आदल्या दिवशी देवळात भांडून आलो होतो.

भांडण ट्रकाचं. खाणीवर लावायला घेतलेला तो जुना ट्रक मीच फोंड्याला तीन फेऱ्या मारून, मालकाशी घासाघीस करून मिळवला होता. तो चालवायचा कोणी, मी की आमचा दादा? बाबा निकाल देईनात. आमच्याकडे अडलं की देवाचा प्रसाद घेतात. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपला प्रश्न देवापुढे मांडतात; उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी पोचलो तेव्हा गाऱ्हाणं घालून झालं होतं. माझ्या डोळ्यांदेखत डावी पडली. बाबा म्हणाले, "ट्रक दादा चालवील. तू गावाभायर जा, पोट भर."

"वाऱ्यानं पडली ती! परत लावा," मी भटजींवर ओरडलो.

"देवाकडे भाव करतात काय रे?" बाबा म्हणाले.

पणजीहून मी थेट दिल्ली गाठली आणि तिथे टाइल्सचं दुकान उभं केलं. मुलं हिंदीतच भांडतात, सकाळी पराठे होतात. पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की उठायचं, ही सवय मोडायला वर्षं गेली. बाबा गेले, राग राहिला.

गेल्या फेब्रुवारीत बायकोने मला दिल्लीतल्याच एका सरकारी बागेतलं गुलाबांचं प्रदर्शन बघायला ओढून नेलं. जुन्या मकबऱ्याभोवती कुंड्याच कुंड्या. एक पिवळा गुलाब आवडला म्हणून माळ्याला भाव विचारला. तो विकायचा नाही म्हणाला, तरी मी दोनदा आकडा वाढवला. बायको आमच्याकडच्याच सर्वण गावची, तिची जीभ माझ्याहून तिखट. "चला हो, सरकारचे गुलाबसुद्धा सोडणार नाही तुम्ही!" तेवढ्यात त्या फुलाची एक पाकळी गळली. "डावीच!" मी म्हटलं. ती हसली.

तिथेच दादाचा फोन आला. घराचं छप्पर बसलंय, दुरुस्त करायचं की घर विकायचं? "प्रसाद घेऊया काय?"

माझं डोकं फिरलं. "ट्रकाच्या वेळी घेतलात तो पुरे!"

दादा म्हणाला, "ट्रकाचं कोणी विचारलेलं? मी होतो तिथं. 'धाकट्याला घरात ठेवून घेऊ काय?' असं बाबांनी विचारलं. डावी पडली. तू गेल्यावर दोन दिवस जेवले नाहीत ते."

आजूबाजूला लोक गुलाबांसोबत फोटो काढत होते. मी त्या कुंडीपाशी उभाच राहिलो. राग गेला असं नाही. तो वेगळाच झाला. देवाला विचारलंत बाबा, मला का नाही विचारलंत? एकदा म्हणाला असतात तर मी राहिलो असतो. ट्रकाशिवायही.

"दादा, प्रसाद नको," मी म्हटलं. "घराचं मला विचार. विकायचं नाही. मी येतो."

"निघालो म्हणून कळय," दादा म्हणाला. अगदी बाबांचा आवाज.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, घर कुठलं हे मी आता पत्त्यावरून ठरवत नाही. माझं काय करायचं हे जिथे मलाच विचारतात, ते माझं घर. तिकीट काढलंय. छपराच्या कंत्राटदाराशी मात्र मीच बोलणार. दादाला भाव करता येत नाही.