निळ्या केसांच्या मुलीची सर्दी

काल दुपारी माझी मुलगी सानिका एका जपानी गटाचा नवा अल्बम ऐकत होती. पडद्यावर चित्रातल्या मुली नाचत होत्या. त्यांच्यामागे गाणाऱ्या खऱ्या मुलींचे चेहरे कुणालाच ठाऊक नाहीत म्हणे.

आयुष्यभर गाणं शिकवत आलेली माझी आत्या शेजारी मटार सोलत होती. ती म्हणाली, "या निळ्या केसांच्या मुलीला सर्दी झालीय गं."

"आत्याआजी, ते चित्र आहे!"

"असू दे. परत लाव."

सानिकाने परत लावलं. शब्द कळले नाहीत, पण ओळीआधी घाईने घेतलेला एक श्वास आम्हा तिघींनाही ऐकू आला. कोण असेल ही? बरं नसताना का गायली असेल? घरी कुणी विचारलं असेल तिला?

सानिका पडद्याकडे पाठ करून ऐकत बसली.